कारकुनांचे दुखणे ओळखणारा वैद्य

मागे आपल्या मंडळात डोळे तपासणीचे शिबिर झाले, तेव्हा नावे नोंदवण्याच्या टेबलावर आम्हाला बसवले होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस दिसला की लोक त्याच्यापुढे टेबल आणि रजिस्टर ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. आमची समजूत अशी की येणार ते मोतीबिंदूवाले, म्हणजे आमच्याच वयाचे. प्रत्यक्षात रांगेतली निम्मी मंडळी तिशी-चाळिशीची निघाली. डोळे चुरचुरतात, दुपारनंतर डोके धरते, मान आखडते, उजव्या मनगटातून कळ येते, अशा सगळ्यांच्या तक्रारी. फॉर्मवर नाव, वय, पत्ता, मधुमेह, रक्तदाब असे सारे रकाने होते. माणूस दिवसभर काम काय करतो, हे लिहायला मात्र रकानाच नव्हता. फॉर्म आम्हीच तयार केलेला, तेव्हा चूक आमचीच.

डॉक्टरसाहेबांनी ही उणीव दाखवून दिली आणि बोलता बोलता एका इटालियन वैद्याचे नाव घेतले. रोग्याला त्याचा धंदा विचारा, हे सगळ्या वैद्यांना बजावून सांगणारा पहिला माणूस तो. नाव बर्नार्दिनो रामात्सिनी. डॉक्टरी शिकलेल्या लोकांना हे नाव ठाऊक असते, आम्हा बी.कॉम. वाल्यांना ते कुठून ठाऊक असणार? मग आम्ही मिळेल ते वाचले. ज्यांच्या घरात मुले, सुना, जावई दहा-दहा तास संगणकापुढे बसतात, म्हणजे आज आपल्यापैकी जवळजवळ सगळेच, त्यांना हे चरित्र जवळचे वाटेल म्हणून येथे देत आहोत.

रामात्सिनी यांचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीत मोदेना शहराजवळच्या कार्पी या गावी झाला. आपल्याकडच्या हिशेबाने सांगायचे तर शिवाजी महाराजांपेक्षा ते तीन वर्षांनी लहान. गावातच जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिक्षण, मग पार्मा येथे आधी तत्त्वज्ञान आणि नंतर वैद्यक. १६५९ साली पदवी मिळाली. काही काळ रोममध्ये अनुभवी वैद्याच्या हाताखाली काढून ते विटर्बोच्या बाजूच्या लहान गावांत वैद्य म्हणून रुजू झाले. तो मुलूख हिवतापाचा. वैद्यालाच ताप जडला आणि प्रकृती सुधारेना, तेव्हा नोकरी सोडून ते कार्पीला परत आले. गावातल्याच फ्रान्चेस्का रिगी यांच्याशी १६६५ साली त्यांचे लग्न झाले.

१६७१ साली ते मोदेनाला राहायला गेले. मोदेना ही एस्ते घराण्याच्या ड्यूकची राजधानी. राजधानीतले जुने वैद्य छोट्या गावातून आलेल्या माणसाला सहज जागा देतील, असे थोडेच? रामात्सिनी यांनाही ते सारे भोगावे लागले. एका उमराव स्त्रीच्या बाळंतपणानंतरच्या मृत्यूवरून फ्लॉरेन्सच्या दरबारी वैद्याशी त्यांचा जाहीर लेखी वाद झाला, तोही बराच लांबला. पण विद्वत्ता कबूल करावीच लागली. १६८२ साली ड्यूकने मोदेनाचे विद्यापीठ नव्याने उभे केले, तेव्हा वैद्यकाच्या अध्यासनावर रामात्सिनी यांची नेमणूक झाली. पुढच्या वर्षांत त्यांनी शेतकऱ्यांतल्या तापाच्या साथीवर लिहिले, मोदेनाच्या विहिरींच्या पाण्यावर १६९१ साली एक पुस्तक काढले, हवेचा दाब मोजला. त्या काळचा विद्वान असाच सगळीकडे हात घालणारा असे. ते सारे बाजूला ठेवून आपण त्यांच्या घरच्या मोरीकडे वळू.

मोदेना शहर दाटीवाटीचे, घरे उंच आणि एकमेकांना चिकटलेली. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचे शौचकूप उपसून साफ करण्याची तेथे रीत होती. रामात्सिनी यांच्या घरी ते काम चालले असताना त्यांनी पाहिले की एक कामगार जिवाच्या आकांताने घाई करतो आहे. त्यांना दया आली. इतका दमून काम कशाला करतोस, थोडे सबुरीने घे, असे त्यांनी त्याला विचारले. तो खड्ड्यातूनच वर पाहून सांगू लागला की ज्याने हे काम केलेले नाही त्याला कळणार नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ इथे राहिले तर डोळे जातात. तो बाहेर आल्यावर रामात्सिनी यांनी त्याचे डोळे नीट तपासले. ते लालभडक झाले होते आणि त्यांवर अंधारी होती. यावर तुम्ही उपाय काय करता, असे विचारले, तेव्हा कळले की हे लोक घरी जाऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहतात आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहतात. मग त्यांच्या ध्यानात आले की शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्यांपैकी कितीतरी जण पूर्वी हेच काम करत होते.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी हळहळ व्यक्त करून विषय सोडला असता. रामात्सिनी यांनी त्या लोकांना तोंडावर पारदर्शक पातळ पिशवी बांधण्याचा सल्ला दिला, आणि तिथून पुढे शहरातला एकेक धंदा जाऊन पाहायला सुरुवात केली. कुंभार, सोनाराकडे पाऱ्याने मुलामा देणारे, काच फुंकणारे, आरसे बनवणारे, धोबिणी, खाटीक, धान्य चाळणारे, ओझेवाले, सुइणी. विद्यापीठाचा प्राध्यापक दुकानांच्या मागच्या खोल्यांत, भट्ट्यांपाशी आणि तळघरांत जाऊन बसू लागला. वैद्यांना त्यांनी सांगितले की गरिबाच्या घरी गेलात तर सोन्याची खुर्ची नसली तरी तिपाईवर बसा, घाई करू नका. रोग्याला काय काय विचारावे याची यादी हिपोक्रेटिसने दोन हजार वर्षांपूर्वी घालून दिली होती: काय दुखते, किती दिवस, कशामुळे, पोट साफ होते का, खातो काय. त्या यादीला रामात्सिनी यांनी आणखी एक प्रश्न जोडला, तो म्हणजे काम काय करतोस. शिबिराच्या आमच्या फॉर्मवर नसलेला तो हाच.

या सगळ्याचे पुस्तक १७०० साली मोदेनात लॅटिनमध्ये छापले गेले. कारागिरांच्या रोगांविषयीचा हा पहिला पद्धतशीर ग्रंथ. थोड्याच वर्षांत त्याची भाषांतरे झाली, इंग्रजी १७०५ साली. पुढे अॅडम स्मिथने अर्थशास्त्रावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात रामात्सिनी यांच्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि कार्ल मार्क्सनेही केला. बी.कॉम. च्या अभ्यासक्रमात स्मिथ आम्हालाही होता, पण तो उल्लेख कधी कुणी दाखवला नाही, आणि आम्हीही क्रमिक पुस्तकाबाहेर गेलो नाही. असो.

बसून काम करणाऱ्यांकडे त्यांनी या पहिल्या आवृत्तीतच लक्ष दिले होते. शिंपी आणि चांभार यांच्या संघांची मिरवणूक निघाली की ते सगळे पाठीतून वाकलेले, खांदे गोल झालेले, एका बाजूला झुकत लंगडत चाललेले दिसत, जणू तसे चालण्याची त्यांनी तालीमच केली आहे. रामात्सिनी यांनी हे थोडे हसत लिहिले आहे, पण लगेच कारण आणि उपायही दिला आहे. दिवसेंदिवस बसून जे बिघडते ते थोडेफार तरी भरून निघावे म्हणून निदान सुटीच्या दिवशी अंग हलवा, व्यायाम करा. ज्याला रोजच्या पोटासाठी बसावेच लागते, त्याला काम सोड असे त्यांनी कधी सांगितले नाही. हे आम्हाला विशेष वाटते. आज सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण मुलाला उद्या सकाळी नऊला लॉग-इन करायचे आहे हे त्यातले कितीजण धरून चालतात?

घड्याळजी, सोनार आणि बारीक काम करणारे इतर लोक यांच्यावरही त्यात एक प्रकरण आहे. जवळची बारीक वस्तू तासन्‌तास पाहिल्याने डोळा एकाच जागी ताणून बसतो आणि लांबचे पाहण्याची सवय हरवतो, असे त्यांचे निरीक्षण होते. चष्म्याने सोय होते, पण चष्म्याने थकवा जात नाही. म्हणून त्यांनी सांगितले की या लोकांनी मधून मधून मान वर करावी, कामावरून नजर काढावी आणि निरनिराळ्या गोष्टींकडे पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. आज डोळ्यांचे डॉक्टर संगणकवाल्यांना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायला सांगतात. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि डोळे कोरडे पडतात, हेही ते सांगतात. ही पापण्यांची गोष्ट नंतर कळली, पण मान वर करून दूर पाहण्याचे औषध तीनशे वर्षांपूर्वीचे आहे.

पुस्तक निघाले त्याच वर्षी, वयाच्या ६७ व्या वर्षी, रामात्सिनी मोदेना सोडून पादुआला गेले. पादुआचे विद्यापीठ व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे आणि युरोपात मानाचे. आमच्या बँकेत ६० ला सेवानिवृत्तीचा समारंभ, नारळ आणि शाल. इथे माणूस ६७ ला नव्या गावी बढतीवर जातो! पण तेथे गेल्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांनी दगा दिला. अर्धशिशी आणि छातीची धडधड होतीच. त्यातच आधी एका डोळ्याची आणि मग दुसऱ्याचीही दृष्टी गेली. त्यांना निवृत्त व्हायचे होते, पण व्हेनिस सरकारने त्यांना सोडले नाही, उलट मानाचे वरचे अध्यासन दिले. वाचून दाखवायला घरची मंडळी असत. ज्यांच्या अभ्यासाची सुरुवात दुसऱ्याच्या लाल डोळ्यांपासून झाली, त्यांचा म्हातारपणाचा काळ असा गेला.

अशा अवस्थेत त्यांनी आपल्या ग्रंथाला पुरवणी जोडली. १७१३ साली पादुआत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत बारा नवी प्रकरणे आहेत. ऐंशीच्या घरातल्या, दृष्टी गेलेल्या माणसाने त्यात पहिल्या दोन जागा दिल्या त्या छापखान्यातल्या कामगारांना आणि लेखनिकांना. आम्ही मुख्यतः या दोन प्रकरणांसाठी हा लेख लिहायला घेतला.

छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस दिवसभर उलट्या अक्षरांकडे पाहत असतो. रामात्सिनी यांनी नोंदले की काम संपवून तो घरी गेला तरी ती अक्षरे तासन्‌तास, अगदी रात्रीपर्यंत, त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. दुसरी चित्रे येऊन त्यांची जागा घेईपर्यंत ती राहतात. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटले. १९९० च्या सुमारास आमच्या शाखेत पहिले संगणक आले, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. महिनाभर सगळी जुनी खाती त्यात चढवायची होती. रात्री दिवा मालवून डोळे मिटले की खाते क्रमांक आणि शिल्लक यांच्या हिरव्या ओळी वरून खाली सरकत राहत. सौ.ला सांगितले तर तिला वाटले आमच्या डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही.

दुसरे प्रकरण लेखनिकांचे. यात नोटरी आले, नकला करणारे आले, सावकारांचे हिशेबनीस आले, राजेलोकांचे चिटणीस आले. या सगळ्यांच्या दुखण्याची रामात्सिनी यांनी तीन कारणे दिली आहेत. पहिले, सतत बसून राहणे: त्याने पचन बिघडते, पाय बधिर होतात, रक्त नीट फिरत नाही. दुसरे, हाताची एकाच दिशेने अखंड चाललेली हालचाल: स्नायू आणि शिरा कायम ताणलेल्या राहतात आणि हळूहळू उजव्या हातातले बळ जाते. त्यांच्या ओळखीचा एक नोटरी होता. आयुष्यभर लिहून त्याचा हात आधी नुसता थकू लागला, कुठल्याही उपायाला दाद देईना, शेवटी उजवा हात पुरता लुळा पडला. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. काही दिवसांनी तोच रोग डाव्या हातातही उतरला. माऊस उजवीकडून डावीकडे घेऊन सुटका झाली असे समजणाऱ्या आमच्या चिरंजीवांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

तिसरे कारण वाचून मात्र आम्ही चकित झालो. ते म्हणजे मनावरचा ताण: बेरीज-वजाबाकी करताना वहीत चूक होऊ नये, आणि आपल्या चुकीने मालकाचे नुकसान होऊ नये, ही सततची धास्ती. बँकेबाहेरच्या माणसाने हे ओळखावे! आमच्या वेळी सेव्हिंगच्या लेजरची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची असे. चाळीस पैशांचा फरक राहिला तरी रात्री नऊ-दहापर्यंत घरी जाता येत नसे. चाळीस पैसे कुणीही खिशातून भरले असते, पण तसे चालत नाही. चाळीस पैशांमागे चार हजारांची इकडची नोंद तिकडे पडलेली असू शकते. जून आणि डिसेंबरला व्याज काढायचे दिवस आले की पाठदुखीच्या गोळ्यांचे पाकीट टेबलाच्या खणातच असे. संगणक आला आणि बेरजा आपोआप होऊ लागल्या. आम्हाला वाटले, सुटलो. पण धास्ती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आता एका चुकीच्या आकड्याने भलत्याच्या खात्यात पैसे जात, तेही क्षणात, आणि कुणी केले ते पासवर्डवरून कळत असे. आमचे एक सहकारी दुपारी दोननंतर हात मागे घेऊन मुठी उघडत-मिटत बसत. वरचे साहेब त्याला कामचुकारपणा म्हणत. त्यांचे मनगट सुजलेले असे, हे आम्ही शेजारी बसून रोज पाहत होतो आणि आम्हीही गप्प राहिलो.

चिटणिसांविषयी रामात्सिनी यांनी आणखी एक मजेची गोष्ट लिहिली आहे. मालकाच्या मनात नेमके काय आहे हे न कळताच त्याच्या नावाने पत्रे लिहावी लागतात आणि ती पुन्हा पुन्हा बदलावी लागतात. काही मालक मुद्दामच धूसर बोलतात. हा त्रास त्यांनी रोगाच्या कारणांत धरला आहे. मुख्य कार्यालयाची परिपत्रके वाचलेल्या कोणालाही यावर वेगळे भाष्य नको.

या लेखनिकांना त्यांनी सांगितलेले उपाय साधे होते: चालणे, बेताचा व्यायाम, अंग चोळणे, हातांना तेल लावून मालिश. त्यांच्या काळाची म्हणून सारक औषधेही आहेत, आणि शरीराविषयीच्या त्यांच्या कितीतरी कल्पना आज कोणी मानत नाही. औषधांच्या बाबतीत त्यांच्यामागे जाण्याचे कारण नाही. पण जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि विचारून घेतले, ते तसेच्या तसे उभे आहे. आमच्यापुरते म्हणाल तर संध्याकाळी दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत आम्ही पायी जातो आणि तिथे बाकावर बसून लांबची झाडे पाहतो. हल्ली चिरंजीवही दोन मीटिंगांच्या मध्ये गच्चीवर जाऊन येतात. सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करणे सोडले, पडदा डोळ्यांच्या पातळीला येईल असा खाली जाड पुस्तकांचा थर दिला, त्यात आमची दोन बँकिंगची पुस्तके कामी आली. मानेचे दुखणे निम्मे झाले असे त्या म्हणतात. पुढच्या शिबिराच्या फॉर्मवर वयानंतर लगेच दोन रकाने घातले आहेत: काम काय करता, आणि दिवसातले किती तास.

१९८२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी कामगारांच्या आरोग्यासाठी एक विद्वत्सभा स्थापन केली. तिला त्यांनी रामात्सिनी यांचे नाव दिले आणि तिची मुळे कार्पी गावाशी जोडली, जिथे ते हिवतापाने खंगून एकदा परत आले होते.

रामात्सिनी स्वतः दुसऱ्या आवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. दृष्टी नसतानाही त्यांची व्याख्याने चालूच होती. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, वर्गावर जाण्याच्या तयारीत असताना त्यांना मेंदूचा झटका आला आणि त्याच दिवशी पादुआत त्यांचे निधन झाले.